एलईडी लावले, काचा बदलल्या, तरी बिल हलत नाही: नेमके कुठे पाहायचे

ही तक्रार ऑफिसातून येते, कॉलेजातून येते, एमआयडीसीतल्या शेडमधूनही येते. जुन्या ट्यूब काढून एलईडी लावले. कुठे खिडक्या मोठ्या केल्या, कुठे छतात उजेडाचे पत्रे टाकले, कुठे सेन्सर बसवले. कंत्राटदाराच्या कागदावर साठ टक्के बचत लिहिलेली असते. वीजबिल मात्र आहे तिथेच राहते, किंवा दोन महिने थोडे उतरते आणि एप्रिलमध्ये पुन्हा वर जाते. मग ट्रस्टी विचारतात, "पैसे गेले कुठे?" सुपरवायझर मीटरकडे बोट दाखवतो आणि कंत्राटदार म्हणतो, "साहेब, दिव्यावरचा वॅट वाचा की, वीस लिहिलाय."

मीटर सहसा बरोबर असतो. दिवेही सहसा बरोबर असतात. चुकलेला असतो तो बदलाआधीचा हिशेब, आणि त्याहून जास्त चुकलेले असतात दिवे जळण्याचे तास. बचत म्हणजे आधीचे वॅट गुणिले आधीचे तास, वजा आताचे वॅट गुणिले आताचे तास. या चार आकड्यांपैकी खोक्यावर एकच छापलेला असतो. बाकीचे तीन अंदाजाने भरलेले असतात, आणि अंदाज बांधणारा माणूस माल विकणाराच असतो. म्हणून तपासणी याच चार आकड्यांपासून सुरू करावी.

आधी रुपये बाजूला ठेवा

बिलावरची एकूण रक्कम बघून काहीच कळत नाही. त्यात स्थिर किंवा मागणी आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, वर विद्युत शुल्क. दर मधल्या काळात बदललेला असू शकतो. म्हणून फक्त युनिट घ्या, तेही बिलाच्या दिवसांनी भागून. एक बिल २९ दिवसांचे आणि पुढचे ३३ दिवसांचे असेल, तर नुसत्या महिन्यांच्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त फरक फुकटात पडतो. एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरीवर बिल आले असेल तर तो महिना आणि त्याच्या पुढचा, दोन्ही एकत्र धरा.

एवढे केल्यावरही मुख्य मीटरवर बचत दिसेलच असे नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. समजा महिन्याला १८,००० युनिट वापरणारे ऑफिस आहे आणि त्यात २०० ट्यूब बदलल्या. एसी एप्रिलमध्ये फेब्रुवारीपेक्षा किती जास्त ओढतो ते तुमच्याच जुन्या बिलांत बघा. दिव्यांची बचत त्या चढ-उतारात बुडून जाते. बचत मोजण्याच्या पद्धतींची जगभर वापरली जाणारी एक नियमावली आहे, आयपीएमव्हीपी नावाची. तिच्यात संपूर्ण इमारतीच्या मीटरवरून बचत ठरवण्याचा पर्याय 'सी' आहे, पण अपेक्षित बचत एकूण वापराच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तरच त्या वाटेला जावे असा संकेत आहे. दिव्यांसाठी पर्याय 'ए' किंवा 'बी' बरा. त्यात फक्त दिव्यांचे सर्किट वेगळे काढून मोजतात. 'ए'मध्ये एखादा आकडा, उदाहरणार्थ तास, दोन्ही पक्षांनी आधी मान्य करून धरलेला असतो. 'बी'मध्ये सगळेच मोजतात.

दोनशे ट्यूबचा हिशेब, कागदावरचा आणि खरा

३६ वॅटची जुनी ट्यूब तांब्याच्या चोकसकट साधारण ४८ वॅट घेते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी आली म्हणजे एका दिव्यामागे २८ वॅट. दोनशे दिवे, रोज १० तास, महिन्याला २५ दिवस: १,४०० युनिट. कंत्राटदाराचा कागद इथे संपतो.

आता प्रत्यक्षात काय असते ते बघा. दोनशेपैकी तीस ट्यूब आधीच बंद होत्या. कुणाचा स्टार्टर गेलेला, कुणाची टोके काळी पडलेली. बंद ट्यूब जवळपास काहीच घेत नाही. म्हणजे आधीचा भार ९.६ किलोवॉट नव्हता, ८.१६ होता. तास १० नव्हते, ८ होते, कारण शिपाई संध्याकाळी फिरून दिवे बंद करायचा. बदलानंतर सगळेच्या सगळे दोनशे दिवे पेटतात, भार ४ किलोवॉट. आणि "एलईडीला काय लागतंय" म्हणून शिपायाची फेरी थांबली, हाउसकीपिंगवाले जाईपर्यंत दिवे चालू राहतात, म्हणजे ११ तास.

आधी: ८.१६ गुणिले २०० तास, म्हणजे १,६३२ युनिट.
आता: ४ गुणिले २७५ तास, म्हणजे १,१०० युनिट.

बचत ५३२ युनिट. १८,००० मधले तीन टक्के. ती मुख्य मीटरवर कुणालाच दिसणार नाही, आणि यात कुणी फसवलेले असेलच असे नाही. तीस बंद दिव्यांच्या जागी आता उजेड आहे, ही सोय वाढली. ती बचतीत धरायची की नाही हे करारात आधी ठरवायचे असते. माझे मत विचाराल तर बंद दिवे मोजून, दोघांच्या सह्या घेऊन, एका कागदावर ठेवावेत. ठेकेदाराला त्यांचे श्रेय द्यायचे असेल तर द्या, पण डोळे उघडे ठेवून द्या.

चोकचे अजून एक आहे. तांब्याच्या चोकची ट्यूब व्होल्टेज वाढले की जास्त वॅट घेते. चांगला एलईडी ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे सर्किट) व्होल्टेज वर-खाली झाले तरी जवळपास तेवढाच घेतो. आधीचे मोजमाप संध्याकाळी २१० व्होल्टला आणि नंतरचे रात्री २४५ ला घेतले तर तुलना बिघडते. दोन्ही वेळा व्होल्टेज लिहून ठेवा, बाकी काही करावे लागत नाही.

मोजायचे कसे, खर्च न करता

टॉंग टेस्टरने अँपिअर मोजून त्याला २३० ने गुणणे ही सगळ्यात लाडकी पद्धत आणि सगळ्यात फसवी. येणारा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, वॅटचा नाही. चोकच्या ट्यूबला कपॅसिटर नसेल तर ती ०.४३ अँपिअर घेते, म्हणजे जवळजवळ १०० व्हीए, पण वॅट अठ्ठेचाळीसच. या पद्धतीने आधीचा भार दुप्पट दिसतो आणि बचत अर्थातच थक्क करणारी निघते. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती ते प्रमाण) धरून वॅट दाखवणारे क्लॅम्प मीटर वापरा, किंवा डीबीमध्ये (वीज वाटपाच्या पेटीत) त्या सर्किटवर एक साधा ऊर्जा मीटर बसवा. सिंगल फेजचा, डिन रेलवर बसणारा मीटर महाग नसतो.

मात्र आपल्याकडच्या वायरिंगची एक खोड लक्षात ठेवा. दिवे आणि पंखे एकाच सर्किटवर असतात. एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही जुनी पद्धत बहुतेक इमारतींत आहे. दिवे बदलले जानेवारीत आणि मीटर वाचला एप्रिलमध्ये, तर पंख्यांनी बचत खाल्लेली असते. उपाय: सुट्टीच्या दिवशी पंखे बंद करून फक्त दिव्यांचे वॅट मोजा, आणि तास वेगळे मोजा. दिवा चालू-बंद झाल्याची नोंद ठेवणारे छोटे लॉगर मिळतात. तेही नको असेल तर वॉचमनच्या वहीत दोन आठवडे, प्रत्येक मजल्याचे दिवे कधी लागले आणि कधी बंद झाले, एवढेच लिहून घ्या. दोनशेच्या दोनशे दिवे मोजायची गरज नाही. पण निवडताना केबिन, हॉल, जिना, स्वच्छतागृह, पार्किंग हे गट वेगळे ठेवा, कारण त्यांचे तास एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. पार्किंगचा दिवा चोवीस तास जळतो आणि कॉन्फरन्स रूमचा दिवसातून दोन. सरासरी तास काढून सगळ्यांना लावले की जिथे खरी बचत होती तिथली दडते आणि जिथे नव्हती तिथे दिसू लागते.

युनिट उलट वाढले असतील तर: कपॅसिटर बघा

ही अडचण एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीवर येते आणि ती ओळखायला वेळ लागतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर तासांवर) केले जाते. म्हणजे वॅटबरोबर पॉवर फॅक्टरही थेट युनिटमध्येच मोजला जातो. आणि त्यात लॅग (चोकमुळे व्होल्टेजच्या मागे पडणारा करंट) जसा महाग पडतो तसा लीडही (कपॅसिटरमुळे पुढे जाणारा) पडतो.

आता जुन्या चोकचा विचार करा. वरच्याच १७० चालू ट्यूब मिळून साधारण १५ केव्हीएआर (वॅट न होणाऱ्या विजेचे माप) लॅग निर्माण करत होत्या. तो भरून काढायला पॅनेलमध्ये कधीतरी कायमचा कपॅसिटर जोडला होता. चोक गेले, कपॅसिटर राहिला. दिवसा एसीच्या मोटारी चालू असतात तेव्हा तो खपून जातो. पण हॉस्पिटल किंवा हॉस्टेलसारख्या ठिकाणी, जिथे रात्रभर दिवे जळतात आणि बाकी भार थोडा असतो, तिथे रात्री १५ केव्हीएआर लीड उघडा पडतो.

आकडे मांडू. रात्री दिव्यांशिवाय ६ किलोवॉट भार, १० तास, ३० रात्री. आधी ६ आणि ८.१६ मिळून १४.१६ किलोवॉट, पॉवर फॅक्टर जवळपास एक. महिन्याला साधारण ४,२५० युनिट. आता ६ आणि ४ मिळून १० किलोवॉट, सोबत १५ केव्हीएआर लीड; १० आणि १५ च्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ १८; म्हणजे महिन्याला सुमारे ५,४०० केव्हीएएच. खरी वीज साडेबाराशे युनिटने घटली आणि बिलातला आकडा साडेअकराशेने वाढला! अशा ठिकाणी दिव्यांचा कंत्राटदार आणि पॅनेलवाला एकमेकांकडे बोट दाखवत बसतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

तपासायला सोपे आहे. रात्री अकरा-बाराला पॅनेलवरचा मीटर बघा. पॉवर फॅक्टर लीड दाखवत असेल तर कायमचा कपॅसिटर काढा किंवा लहान करा, आणि एपीएफसी रिले (कपॅसिटर आपोआप जोडणारा-सोडणारा) लीडवर गेल्यावर कपॅसिटरची बँक सोडतो की नाही ते बघा. बऱ्याच ठिकाणी रिले 'मॅन्युअल'वर टाकून ठेवलेला असतो आणि कुणी, कधी, का टाकला हे कुणाला आठवत नाही. स्वस्त एलईडी बल्बचा स्वतःचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास असू शकतो, तोही खरेदीच्या कागदात मागा. ०.९ च्या वरचा माल सहज मिळतो.

दिवसाचा उजेड आला, पण दिवा बंद कुठे झाला?

खिडकी मोठी केल्याने एक युनिटही वाचत नाही. खिडकीमुळे दिवा बंद किंवा मंद झाला तर वाचते. दिवसप्रकाशाच्या कामात लोक काचेवर लाखो खर्च करतात आणि स्विचबोर्डाला हात लावत नाहीत. मग उजेडही भरपूर आणि दिवेही भरपूर, असा दुहेरी थाट होतो.

पहिले बघायचे ते वायरिंग. आपल्या ऑफिसांत एक स्विच दाराजवळच्या दिव्यापासून खिडकीजवळच्या दिव्यापर्यंतची ओळ चालू करतो. त्यामुळे आत अंधार म्हणून दिवा लावला की खिडकीजवळचाही लागतो. स्विचची ओळ खिडकीला समांतर हवी. खिडकीच्या वरच्या चौकटीची उंची जेवढी, त्याच्या साधारण दीड ते दोन पट खोलीपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. चौकट २.१ मीटरवर असेल तर तीन-चार मीटर, म्हणजे बहुधा पहिल्या दोन ओळी. फक्त एवढी वायर फिरवणे हे अनेकदा सेन्सरपेक्षा जास्त कमाई करते. मी तरी आधी तेच सुचवतो, कारण स्विचला बॅटरी लागत नाही आणि त्याचा पासवर्ड कुणी विसरत नाही.

दुसरे पडदे. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी तीननंतर ऊन स्क्रीनवर येते. कुणीतरी उठून रोलर ब्लाइंड खाली ओढतो, आणि मग तो खालीच राहतो. मार्चमध्ये ओढलेला पडदा जुलैच्या ढगाळ दुपारीही खालीच सापडतो. म्हणून सकाळी अकराला, ढगाळ दिवशी, किती पडदे खाली आहेत ते मोजा. अर्ध्याहून जास्त असतील तर सेन्सर, काच, दिवे यातले काहीही तपासण्याआधी चकाकीचा बंदोबस्त करा. माणसांना नोटीस लावून पडदे वर होत नाहीत. खिडकीचे दोन भाग करणे चालते: डोळ्यांच्या पातळीचा खालचा भाग पडद्याचा, वरचा भाग पडद्याविना मोकळा, आणि मध्ये एक आडवी फळी, जिच्यावरून उजेड छताकडे परततो. छत पांढरे हवे. मळलेल्या क्रीम रंगाच्या छताला फळी लावून फार काही हाती लागत नाही.

सूर्याची वाटही आपल्या अक्षांशावर समजून घ्यायला हवी, कारण पुस्तकांतले 'उत्तरेची खिडकी म्हणजे ऊन नाही' हे वाक्य इथे अर्धेच खरे आहे. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरका येतो. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून टेबलापर्यंत पोचतो. जूनमध्ये बसवलेली आणि जूनमध्येच 'ओके' केलेली योजना डिसेंबरात का रडते याचे उत्तर इथे आहे. दिवसप्रकाशाचे मोजमाप किमान तीन वेळा हवे: पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि मेच्या आसपास. जुलैत मोजलेली बचत बाराने गुणून वर्षाची काढली तर ती खरीपेक्षा कमी येते आणि मेमधली गुणली तर जास्त.

तिसरे सेन्सर. छतावरचा प्रकाश-सेन्सर टेबलावरचा उजेड थेट मोजत नाही. तो टेबलावरून, जमिनीवरून परत आलेला उजेड बघतो. त्याखाली पांढरे टेबल असताना त्याला जुळवले आणि नंतर गडद गालिचा आला, तर त्याला वाटते अंधार झाला, आणि दिवे पूर्ण जोरात लागतात. त्याच्या नजरेत खिडकी येत असेल तर उलटे होते: बाहेरचे लखलखीत आकाश बघून तो आतले दिवे मंद करतो आणि लोक अंधारात बसतात. मग कुणीतरी स्टुलावर चढून त्याच्यावर चिकटपट्टी लावतो. चिकटपट्टी दिसली की लोकांना बोल लावू नका. सेन्सर चुकीच्या जागी किंवा चुकीच्या आकड्यावर आहे, एवढाच तिचा अर्थ. त्याला आधी रात्री, फक्त दिव्यांच्या उजेडात जुळवा, नंतर दिवसा. बंद-चालू एकदम करण्यापेक्षा मंद करणे लोकांना खपते, आणि ढग आला-गेला की दिवा नाचू नये म्हणून विलंब दहा मिनिटांच्या आसपास ठेवा. माणसाची हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचे दुखणे वेगळे: वाचनालयात शांत बसलेला विद्यार्थी त्याच्या लेखी तिथे नसतोच.

न्यूयॉर्क टाइम्सने आपली २००७ साली उघडलेली इमारत बांधण्याआधी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेबरोबर एका मजल्याच्या कोपऱ्याचा पूर्ण मापाचा नमुना उभारून त्यात दिवे आणि आपोआप हलणारे पडदे महिनोन् महिने मोजले होते. तेवढे आपल्याला परवडणार नाही, पण शंभर सेन्सर मागवण्याआधी एका खोलीत चार लावून दोन ऋतू बघणे कुणालाही परवडते.

मंद होणाऱ्या दिव्यांबद्दल एक बारीक गोष्ट. दहा टक्के उजेडाला दहा टक्केच वॅट लागतात असे नाही, ड्रायव्हर स्वतःही थोडे खातो, आणि 'बंद' असतानाही त्याची वाट बघण्याची वीज चालूच असते. म्हणून बचत उजेडावरून काढू नका, वॅटवरूनच काढा.

एसी आणि काच यांचे भांडण

दिव्याचे वॅट शेवटी खोलीत उष्णताच होतात. दिव्यांचा एक किलोवॉट कमी झाला आणि एसीचा सीओपी (एक युनिट विजेत तो किती युनिट उष्णता हटवतो) ३ असेल, तर एसी चालू असताना त्याचा भारही साधारण एक-तृतीयांश किलोवॉटने उतरतो. ही बचत दिव्यांच्या सर्किटवर दिसत नाही, म्हणून ती वेगळी लिहा. पण मोठ्या खिडकीतून येणारे ऊन हाच हिशेब उलटा फिरवते. मग कुणीतरी काचेला काळी फिल्म लावतो. साध्या काचेतून ८५-९० टक्के उजेड आत येतो. वीस टक्केवाली फिल्म लावली की चौथा हिस्सा उरतो, आणि ज्या सेन्सरने दिवे मंद करायचे तो पुन्हा सगळे लावून ठेवतो. एका खात्याने एसीसाठी फिल्म मंजूर केलेली असते, दुसऱ्याने दिव्यांसाठी सेन्सर, आणि दोघांचीही बचत कागदावर जमा झालेली असते. आधी बाहेरून सावली द्या, छज्जा किंवा उभी पाती लावा. काच बदलायचीच असेल तर उजेड जास्त आणि उष्णता कमी सोडणारी बघा.

कारखान्याची शेड

इथे २५० वॅटचे मेटल हॅलाइड काढून एलईडी हाय-बे (उंच छताचे दिवे) लावतात आणि वॅटचा हिशेब बहुधा बरोबर निघतो. गफलत सवयीत असते. मेटल हॅलाइड एकदा बंद केला की थंड होऊन पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटे घेतो, म्हणून वर्षानुवर्षे तो सकाळी लागला की शिफ्ट संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. जेवणाच्या सुट्टीतही नाही, मेच्या दुपारीही नाही. एलईडी क्षणात पेटतो, पण हे मुकादमाला कुणी सांगितलेलेच नसते. पत्र्यातून भरपूर उजेड येत असतानाही सगळे दिवे चालू. फोटोसेल (उजेड बघून दिवा बंद करणारा) लावा किंवा निम्मे दिवे दुसऱ्या स्विचवर घ्या, आणि स्विच पॅनेलरूमच्या कुलपात न ठेवता लाइनजवळ आणा.

उजेडाचे पत्रे धुळीने आणि उन्हाने पिवळे पडतात. कधी धुतले ते विचारा. उत्तर बहुधा "पावसात धुतले जातात" असे येते. एक पत्रा धुऊन त्याच्याखाली आणि शेजारच्या न धुतलेल्याखाली लक्स (उजेडाचे माप) मोजा, मालक स्वतःच माणूस लावेल.

लक्स मोजल्याशिवाय बचत मानू नका

वॅट कमी करून उजेडही कमी केला असेल तर ती बचत नाही. आयएस ३६४६ या प्रकाशयोजनेच्या भारतीय मानकात सर्वसाधारण ऑफिससाठी ३००-५००-७५०, वर्गासाठी २००-३००-५००, आणि वऱ्हांड्यासाठी ५०-१००-१५० लक्स अशी पट्टी दिली आहे. मधला आकडा नेहमीचा. टेबलाच्या उंचीवर, ठरावीक अंतराचे चौकोन पाडून, स्वतःची सावली न पाडता मोजा. मोबाइलमधले ॲप यासाठी चालत नाही. फोनागणिक आकडा बदलतो. दिव्यांचा उजेड रात्री मोजा. दिवसाचा मोजताना दिवे बंद करा, आणि त्याच क्षणी गच्चीवर दुसऱ्या माणसाला बाहेरचा लक्स मोजायला लावा. आतल्याला बाहेरच्याने भागले की डेलाइट फॅक्टर मिळतो. हे मोजायला एकसारखे ढगाळ आकाश लागते, आणि त्यासाठी आपला ऑगस्ट उत्तम. भारतीय मानकात हिशेबासाठी बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरतात, म्हणून १ टक्का म्हणजे ८० लक्स. प्रत्यक्षात दिवसाचा बराच वेळ बाहेर याहून कितीतरी जास्त असतो. ईसीबीसी २०१७ (इमारतींसाठीची ऊर्जा बचत संहिता) उपयुक्त उजेडाची व्याख्या १०० ते २,००० लक्स अशी करते. वरची मर्यादा मुद्दाम आहे, कारण त्यापुढे पडदे खाली येतात.

नवे एलईडी पहिल्या दिवशी जास्त उजळ असतात. त्यांचे 'आयुष्य' म्हणजे उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास. तेव्हा स्वीकृतीच्या दिवशी जेमतेम ३०० लक्स भरत असतील तर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी प्रत्येक टेबलावर टेबललॅम्प ठेवेल. तेच मोजमाप, त्याच ठिकाणी, वर्षातून एकदा करा. जमिनीवर खुणा करून ठेवल्या तर वाद होत नाही.

आधीचे काहीच मोजले नव्हते, आता काय?

बहुतेक वाचक याच स्थितीत असतील. दिव्यांच्या बाबतीत थोडेफार सावरता येते. गोदामात किंवा माळ्यावर जुन्या पट्ट्या चोकसकट पडलेल्या असतात. त्यातल्या काही टेबलावर जोडून वॅट मोजा. जुन्या खरेदीच्या पावत्यांतून वर्षाला किती ट्यूब आणि स्टार्टर लागत होते ते काढा, त्यावरून बंद दिव्यांचा अंदाज येतो. तासांसाठी सुरक्षा रजिस्टर, हजेरीचे मशीन, शिफ्टचा तक्ता बघा. यातून निघालेला आकडा अंदाजच असतो. अहवालात तसे स्पष्ट लिहा आणि कमाल-किमान दोन्ही द्या.

सेन्सर आणि मंद होणाऱ्या दिव्यांबाबत मात्र उशीर कधीच होत नाही, कारण ते बंद करता येतात. एका मजल्यावर दोन आठवडे सेन्सर निष्क्रिय करा, दिवे पूर्वीसारखे हाताने चालू द्या. पुढचे दोन आठवडे सेन्सर चालू. सर्किटवरच्या मीटरमधला फरक म्हणजे बचत. सणाची सुट्टी, परीक्षेचे दिवस, मोठा पाऊस यांनी एक बाजू जड होऊ नये म्हणून हे आलटूनपालटून काही वेळा करा, आणि लोकांना आधी सांगू नका, नाहीतर पहिले चार दिवस सगळे कौतुकाने दिवे बंद करत फिरतात. फरक किरकोळ निघाला तर सेन्सर बदलायची घाई नको; आधी पडदे मोजा, मग स्विचची ओळ बघा, आणि टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा) दर लागू असेल तर वाचलेले युनिट दिवसाचे आहेत की संध्याकाळचे तेही बघा, कारण दोन्हींची रुपयांतली किंमत सारखी नसते. पुढच्या कामाच्या ऑर्डरमध्ये शेवटच्या हप्त्याचा काही भाग लक्स आणि वॅटच्या मोजमापावर अडकवून ठेवा, आणि ते मोजमाप माल पुरवणाऱ्याकडून करून घेऊ नका.